हातांचं ताक

मिरचीचे देठ खुडणाऱ्या बायांना आईच्या नावाच्या प्रतिष्ठानवाल्यांनी ताक प्यायला दिलं. मसाला ताक. त्यात जिरं, कोथिंबीर, मीठ आणि वाटलेली हिरवी मिरची. मागे माझ्या आईचा मोठा फोटो, खाली 'दानशूर मातोश्री गोदाबाई यांच्या स्मरणार्थ ताकसेवा', आणि पुढे ओळीने उभ्या केलेल्या बाया. प्रत्येकीच्या हातात प्लास्टिकचा ग्लास, आणि फोटो काढून होईपर्यंत कुणीही प्यायचं नाही अशी ताकीद. मी खुर्चीवर बसलो होतो, गळ्यात हार होता. ओळीतल्या एका पोरीने दोन घोट घेतले आणि उरलेलं ताक सरळ तळहातावर ओतलं. पुढच्याच क्षणी ती हात झटकत उभी राहिली, कारण त्यात मीठ होतं आणि तिची बोटं फुटलेली होती. गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक कार्यकर्ता तिच्या अंगावर ओरडला, "ओ ताई, प्यायला दिलंय, सांडायला नाही!" त्या सगळ्या मांडवात ताकाचं काय करायचं असतं हे कळलेली ती एकटी होती, आणि बोलणी तिनेच खाल्ली.

घरी आलो, हार खुंटीला लावला आणि ठरवलं, की आता हे प्रकरण लिहायचंच. या आठवणी लिहायला घेतल्यापासून मी ते पुढे पुढे ढकलत होतो. शाळा लिहिली, कोरीट गावची शेती लिहिली, नोकरी लिहिली. ताकाजवळ आलो की पेन बाजूला ठेवून चहा मागायचो. माझी आई दानशूर नव्हती. दान करण्यासारखं तिच्याजवळ काही नव्हतंच. ती त्याच पथारीवर, अशाच बायांच्या ओळीत बसून देठ खुडत होती. ताक दुसऱ्याच बाईचं होतं. ते त्या बाईकडून आईच्या नावावर कसं आलं, हे सांगायला आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही, आणि ते येत असताना मी तिथे हजर होतो.

आमचं घर नंदुरबारला, मिरचीच्या पथाऱ्यांकडे जाणाऱ्या वाटेवर होतं. पथारी म्हणजे गावाबाहेरचा मोकळा माळ, जिथे ओली लाल मिरची वाळत घालतात. हंगामात लांबून पाहिलं तर जमिनीवर लुगडी पसरल्यासारखं दिसतं. लांबून पाहणाऱ्यांना ते फार आवडतं. आम्ही जवळ राहत होतो. वारा आमच्याकडे वळला की अख्खी गल्ली खोकायची, स्टेशनात उभ्या मालगाडीचा गार्डसुद्धा शिंकताना दिसायचा. आमच्या लेखी हिवाळ्याचा आवाज म्हणजे खोकला. त्याच्या जोडीला शेजारच्या रहमान चाचांच्या पिंजणाचा. चाचा पिंजारी होते, लोकांच्या गाद्या-रजयांचा कापूस पिंजून द्यायचे. सकाळपासून त्यांच्या ओसरीतून तातीचा, म्हणजे पिंजणाच्या ताणलेल्या दोरीचा, टंग-टंग असा आवाज चालू असायचा. तो थांबला की आम्ही समजायचो, चाचा नमाजाला गेले.

वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. ते एका कचेरीत कारकून होते. मी मॅट्रिकच्या वर्गात असताना एका सकाळी अंघोळीचा तांब्या त्यांच्या हातातून पडला तो पडलाच. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. डोळ्यांना मात्र सगळं समजत असायचं, आणि ते जास्तच वाईट होतं. पगार थांबला. कोरीटला वडिलोपार्जित जमीन होती, ती नानांचे धाकटे भाऊ, आमचे अण्णाकाका कसत. अण्णाकाका धान्य पाठवत, नाही असं नाही. त्यांच्या मनात येई तेव्हा पाठवत. पोतं उतरवून घेताना गाडीवानासमोर, "वहिनी, पुरवी पुरवी खा बरं," असं मोठ्याने म्हणत. जमीन दोघा भावांची होती.

एका सकाळी आईने नानांना भरवलं, आक्काला भाकरीचं पीठ काढून दिलं, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढला आणि ती पथारीवर गेली. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण सुमन. आमच्यासारख्या शेतीवाडीवाल्या घरातल्या बाया तेव्हा मजुरीला जात नसत. गेल्या तरी स्वतःच्या रानात जायच्या, मिरचीत बसायच्या नाहीत. मिरचीत आदिवासी पाड्यांवरून आलेल्या बाया बसायच्या, गल्लीतल्या गरीब मुसलमान बाया बसायच्या. आई त्यांच्यात जाऊन बसली. पहिल्या संध्याकाळी ती परत आली तेव्हा तिने दोन्ही हात अंगापासून लांब धरले होते, दुसऱ्या कुणाचे हात आणून पोचवायचे असावेत तसे. आक्काने पाणी ओतलं. मिरचीवर पाणी ओतणं म्हणजे काय हे आम्हाला तोवर माहीत नव्हतं. आई भिंतीला पाठ लावून खाली बसली आणि म्हणाली, "नको वं सुमे, पानी नको. हात पेटी ऱ्हायनात."

परसात दोन घरांच्या मध्ये कमरेएवढी भिंत होती. तिच्या पलीकडून हबीबा चाचींनी, म्हणजे रहमान चाचांच्या बायकोने, हे पाहिलं. त्यांच्याकडे एक म्हैस होती. त्या आत गेल्या आणि पसरट तोंडाचं मातीचं कुंडं घेऊन आल्या. त्यात ताक होतं, बिनमिठाचं, लोणी काढलेलं, थंडगार. ते त्यांनी भिंतीवर ठेवलं आणि आईला म्हणाल्या, "बुडाड. मनगटलोंग बुडाड. आनी काढू नको मी सांगस तवलोंग." आईने हात बुडवले. तिच्या तोंडून एक आवाज आला. तो कण्हण्याचा नव्हता आणि सुखाचाही नव्हता. ओझं खाली ठेवल्यावर माणसाचा जसा श्वास सुटतो तसा तो होता. तो आवाज मी पुढे हंगामभर रोज संध्याकाळी ऐकला.

चाचींचं ते कुंडं काही एकट्या आईसाठी नव्हतं. पथारीवरून परतणाऱ्या बाया त्यांच्या मागच्या ओट्याशी थांबत, हात बुडवत आणि पुढे जात. तिथे फार हसणं-खिदळणं चाले. कुणीतरी म्हणे, "चाची, तुन्ही म्हैस आटनी तं आमनं कसं व्हई वं?" चाची म्हणत, "मंग मन्हा डोकावर हात ठेवा. पिंजारीना घरमा ऱ्हाईसनी मन्हं डोकं थंडच शे." ओसरीतून चाचांचं पिंजण रागाने दोनदा टंग-टंग करी आणि बाया आणखी हसत. हात बुडवलेलं ताक चाची पपईच्या बुंध्याशी ओतून टाकत. ते शेळीही पीत नसे. म्हणजे रोज घरातलं ताक त्या मातीत ओतत होत्या, आणि त्यांच्या घरातही कढीला ताक लागत असेल हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

आणखी एक गोष्ट इथेच सांगतो, कारण ती सांगितली नाही तर मी पुन्हा अर्धंच लिहिलं असं होईल. आमच्या घरात चाचींच्या घरचं खाणंपिणं चालत नव्हतं. आईला चालवून घ्यायचं होतं की नाही, मला माहीत नाही. रीत तशी होती. त्यांच्या ताकात हात बुडवायला आमच्या घराण्याची हरकत नव्हती, पण तेच ताक वाटीत घेऊन तोंडाला लावलं असतं तर आमचा धर्म बुडाला असता. आमचं खोटेपण मोजायला मला याहून चांगलं माप सापडलेलं नाही.

आक्कासाठी कळसाडीहून स्थळ आलं ते त्याच हंगामात. कापूस, ऊस, पाण्याची विहीर, एकुलता एक मुलगा. अण्णाकाका संध्याकाळी कोरीटहून धापा टाकत आले आणि म्हणाले, "सकाय पाव्हना ई ऱ्हायनात. वहिनी, खापरवरना मांडा करा. कळसाडीनी म्हातारी खावाप्यावानी लई चोखंदळ शे." आई तेव्हा नुकतीच पथारीवरून आली होती. काका मागच्या दारातच बाज टाकून बसले, आणि काका तिथे बसलेले असताना आईला भिंतीशी जाता येईना. तिने गोडं तेल चोळलं, गूळ चोळला, राखेने हात घासले. काकांना तिचे हात दिसत होते. त्यांनी त्या हातांकडे पाहिलं आणि मग पपईच्या झाडाकडे पाहत बसले. वहिनी कुठे जाते हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांनी ते माहीत करून घेतलं नव्हतं, एवढंच.

सकाळी चूल पेटली, खापर पालथं पडलं. ज्यांनी आमच्याकडचे मांडे पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, ही पुरणपोळी पोळपाटावर लाटून होत नाही. सैल मळलेल्या कणकेत पुरण भरून ती दोन्ही हातांवर झेलत, फिरवत, कोपरापर्यंत पसरवत मोठी करायची आणि तापलेल्या खापरावर टाकायची. अख्खा मांडा हातावरच घडतो. आई कणीक मळत असतानाच मागच्या दारात चाची येऊन उभ्या राहिल्या. काल संध्याकाळी आई भिंतीशी आली नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं, आणि आज मांडे होणार हे वासावरून कळलं होतं. त्यांच्या हातात ताकाचं मडकं होतं. अण्णाकाका पुढच्या ओट्यावर सतरंजी अंथरत होते. त्यांनी घरातून आरपार पाहिलं आणि मला हाक मारली. "बाळू, त्या बाईले सांग, आज नको. पाव्हना येवाना टाइम व्हयना."

मी नवा सदरा घातला होता. काकांनीच आणला होता तो. मी मागच्या दाराशी गेलो. ते मडकं कशासाठी आहे, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. आई चुलीपाशी बसून माझ्याकडे पाहत होती, तिची मान नाही म्हणून हललेली मी पाहिली. तरी मी म्हणालो, "आज नको, चाची."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "अच्छा बेटा. माँ को बोल, घी लगा ले." आणि मडकं घेऊन परत गेल्या.

पाहुणे आले. नवरा मुलगा, त्याचे मामा, आणि मुलाची आई, म्हणजे कळसाडीची ती म्हातारी. अंगाने वाळकी, बोलायला तिखट, गळ्यात सोन्याची ठसठशीत पोत. पानं मांडली. मांडे दूध-तुपात कुस्करले गेले. मामांनी दोन घास खाल्ले आणि ते पाणी प्यायले. आणखी एक घास खाल्ला आणि पुन्हा पाणी प्यायले. मग म्हणाले, "नंदुरबारले पुरनमा मिरची टाकानी रीत शे का?" नवऱ्या मुलाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि बिचारा सासुरवाडीची लाज राखायला हसत होता. म्हातारीने ओठांवरून बोट फिरवलं, ते पाहिलं, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या आईला म्हणाली, "इहीनबाई, आठे या. हात दखाडा."

आईने हात पुढे केले. म्हातारीने ते उलटेसुलटे केले, वास घेतला. बोटांच्या टोकांना सालपटं निघाली होती, नखांच्या कडा लाल होत्या. आक्का आतल्या दाराआड उभी होती, तिच्या बांगड्या हलत होत्या तेवढा आवाज येत होता. म्हातारी म्हणाली, "ह्या मिरचीना हात शेतस."

आई बोलायला तोंड उघडत होती. मी शपथेवर सांगतो, ती खरंच सांगणार होती. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. तेवढ्यात अण्णाकाका हसले. मोठ्याने, मोकळं हसले आणि म्हणाले, "शेतसच मिरचीना! आमनी वहिनी दानधर्मवाली शे ना. पथारीवर गरीब बाया देठ खुडतस, त्यासले रोज ताक देस. देस म्हंजे काय, त्यासना हात सोता धरीसनी ताकमा बुडाडस. नही आयकत. आमी सांगी सांगी थकनूत."

आतल्या खोलीतून नानांचा आवाज आला. शब्द नव्हताच तो, घशातून निघालेला एक लांबट, चिरका आवाज. मी तो आजही ऐकतो. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा आपल्या भावाला गप्प करायचं होतं आणि देवाने नेमकी त्यांचीच जीभ नेली होती. काका मान न वळवता म्हणाले, "बाळू, नानाले पानी दे." मी पाणी द्यायला गेलो नाही. जागचा हललोही नाही.

म्हातारी काही इतक्यात मानणारी नव्हती. "कोनी देखं?" तिने विचारलं. आणि उत्तराची वाट न बघता ओट्याच्या कडेला गेली. शेजारच्या दारात चाची उभ्या होत्या. तेच मडकं त्यांच्या कडेवर होतं. परत नेलेलं ताक ओतून द्यायला त्यांचा जीव होत नसावा. "ओ बाई," म्हातारीने हाक मारली, "तू शेजारनी ना? ह्या बाई पथारीवाल्यासले ताक देतस, हाई खरं शे का?"

चाचींनी आधी आईकडे पाहिलं. आई मान हलवत होती, नको, नको. मग चाचींची नजर दाराआडच्या आक्काकडे गेली. मग माझ्याकडे. मी डोळे सदऱ्याच्या बटणांवर खिळवले होते. चाची अहिराणीत बोलल्या, पाहुण्यांना नीट कळावं म्हणून, "हा माय. रोज देतस. हाई मडकं बी त्यासनंच शे, मी माले मांगी लयनी व्हती." आणि त्या पायऱ्या उतरून आल्या, मडकं आमच्या ओट्यावर ठेवलं, आणि परत गेल्या. अण्णाकाकांनी त्यांना बस असंही म्हटलं नाही.

लग्न ठरलं. आई दुसऱ्या दिवसापासून पथारीवर गेली नाही, कारण आता ती दानशूर होती आणि दानशूर बाईला मजुरी करता येत नाही. काकांना धान्य वेळेवर पाठवावं लागू लागलं, तेवढा एक फायदा त्या खोट्याचा झाला. ते मडकं आई स्वतः भिंतीवरून परत द्यायला गेली. दोघी भिंतीच्या दोन बाजूंना कितीतरी वेळ उभ्या होत्या. परत येताना आई माझ्यासमोर थांबली. तिने मला मारलं नाही. म्हणाली, "तुन्हा नानाले वाचा नही. तुले तं व्हती ना रे?"

तिथून पुढे त्या खोट्याला पाय फुटले. लग्नाच्या मांडवात काकांनी ते माइकवरून सांगितलं. समाजाच्या मेळाव्यात कुणीतरी सांगितलं. आई अशा वेळी उठून आत जायची आणि लोक म्हणायचे, बघा, किती विनम्र बाई. आणि माझ्या निवृत्तीच्या समारंभात मीच सांगितलं. कुणी जबरदस्ती केली नव्हती. संस्कार या विषयावर बोलता बोलता घसरलो आणि टाळ्या पडल्या. आई तेव्हा नव्हती, चाचीही नव्हत्या. चाची गेल्या त्या दिवशी मी नोकरीच्या गावी, नाशिकला होतो. निरोप मिळाला होता. मी आलो नाही. कारण काय दिलं होतं, तेही आठवत नाही, म्हणजे ते धड नसणार.

आक्काने मला एकदा जे सांगितलं त्याने तर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिची सासू, ती कळसाडीची म्हातारी, अंथरुणाला खिळलेली असताना आक्काचा हात धरून म्हणाली होती, "तुन्ही माय देठ खुडे हाई माले हात देखताच समजनं व्हतं. मी ते हात देखीसनीच हा म्हनं. कामनी बाई शे, तिनी पोर घर चालाडी. तुन्हा काका फुकट खोटं बोलना." फुकट! म्हणजे त्या खोट्याची कुणाला गरजच नव्हती. लग्न आईच्या खऱ्या हातांवर ठरलं होतं. चाचींनी आपलं पुण्य स्वतःच्या हाताने उचलून आमच्या ओट्यावर ठेवलं, ते एका माणसाच्या रिकाम्या ऐटीसाठी.

आई जाण्याआधी मला एवढंच म्हणाली होती, "मन्हं नाव कोठे लावू नका. लावनं व्हई, तं खरं लावा." आणि अण्णाकाकांच्या नातवाने, किशोरने, तिच्या नावाने प्रतिष्ठान काढलं तेव्हा मी उद्घाटनाला गेलो, दिवा लावला, पेढा खाल्ला. किशोर वाईट मुलगा नाही. त्याला जे ऐकवलं गेलं ते त्याने मनापासून मानलं. आता पथारीवर पक्की शेड बांधायची आणि आईच्या पुण्यतिथीला तिथे संगमरवरी पाटी लावायची, असं त्याने ठरवलं होतं. पाटी तयार होऊन माझ्या घरी आली होती. 'दानशूर' हा शब्द सोनेरी रंगाने भरलेला होता.

मसाला ताकाच्या त्या कार्यक्रमानंतर दुसऱ्याच दिवशी मी जुन्या गल्लीत गेलो. चाचींची मुलगी शमीम अजून त्याच घरात राहते. शिवणकाम करते. चाचांची ओसरी आता बंद आहे, पिंजण भिंतीला टांगलेलं आहे. मी तिला सगळं सांगितलं. सांगताना लक्षात आलं, तिला सगळं माहीत होतं. मी म्हणालो, "पाटीवर चाचींचं नाव लावू दे." तिने दातांनी दोरा तोडला आणि म्हणाली, "नहीं भाईजान. अम्मी ने सबके सामने एक बार हां बोल दिया था. अब मैं बोर्ड लगाके उनको झूठा करूँ क्या?" मी पुष्कळ समजावलं. ती ऐकेना. शेवटी म्हणाली, "करना ही है तो ताक ठीक करो. कल मोहल्ले की लड़की हाथ जलाके आई. नमक डालते हैं क्या कोई उसमें?" मला वर बघवेना. एवढ्या वर्षांनी त्या घराने माझ्याकडे पहिल्यांदा काही मागितलं, तेही बिनमिठाचं ताक.

मी पाटी परत पाठवली आणि नवीन मजकूर लिहून दिला. किशोर तडक घरी आला. "काका, हे काय? 'गोदाबाई या पथारीवर मिरचीचे देठ खुडत.' एवढंच?"

"एवढंच. खरं तेवढंच आहे."

"लोक काय म्हणतील? आपलं घराणं..."

"आपल्या घराण्याने त्या बाईचे हात पाहिले आणि झाडाकडे तोंड फिरवलं. तुझ्या आजोबांनी फिरवलं, मी फिरवलं. तू फिरवू नको."

"मग दान कुणाचं लिहायचं?"

"कुणाचंच नाही. ज्यांचं आहे त्या घराने नको म्हटलंय."

तो दार आपटून गेला. मला वाईट वाटलं, पण पूर्वी वाटायचं तसं नव्हे. त्या पाटीबद्दल शमीमने मला अडवलं. पुस्तकाबद्दल मी तिला विचारलं नाही. म्हणून इथे लिहितो आहे, आणि छापणाऱ्याला विनंती आहे की यातलं एक अक्षर गाळू नये. ताक हबीबा चाचींचं होतं. म्हैस त्यांची, कुंडं त्यांचं, मडकं त्यांचं. त्यांनी आम्हाला ते दिलं, आणि मग ते दिलं हेसुद्धा आम्हालाच देऊन टाकलं.

पुण्यतिथीला, नव्या मजकुराची पाटी लागलेल्या त्या शेडमध्ये पाहुणे बोलावले नाहीत. संध्याकाळी काम सुटायच्या वेळेला पसरट तोंडाची मातीची कुंडी ओळीने मांडली. ताक बिनमिठाचं होतं. ते शमीमने बोट बुडवून, जिभेला लावून पाहिलं, मग ठेवू दिलं. तिच्यामागोमाग मीही ओंजळभर घेतलं आणि तोंडाला लावलं. तिने ते पाहिलं आणि पुढचं कुंडं सरळ केलं. ग्लास एकही ठेवला नव्हता. किशोर उशिरा आला आणि खांबाला टेकून उभा राहिला, फोन खिशात होता. बाया येऊन कुंड्यांपासून लांब थांबल्या. त्यांना वाटलं असावं, आता भाषण होईल. शेवटी एक वयस्क बाई पुढे आली. हात अंगापासून लांब धरलेले. तिने कुंड्याकडे पाहिलं, इकडेतिकडे ग्लास शोधला, मग मला विचारलं, "बाबा, पेवानं शे का?"

"नही माय. हातले शे."

तिने विश्वास बसत नसल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. मग ती खाली बसली आणि मनगटापर्यंत हात बुडवले. मी वाट पाहत होतो. आणि तो आवाज आला.